प्रतिष्ठा ही समाजाची ठेव
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो. विद्यार्थी-साहाय्य निधीची पावतीपुस्तके दरवर्षी वाटली जातात आणि त्यांतील कित्येक कोरीच परत येतात. ज्ञातीत दानत नाही असे आम्हांस म्हणवत नाही. मग उणे कशाचे?

आमच्या मते, शब्द टाकणाऱ्या माणसांचे. धन देणे हे दान खरेच. परंतु आपले नाव, आपला स्नेह आणि आपले वजन सत्कार्याच्या पाठीशी उभे करणे हेही दानच होय. पुष्कळांना पहिले जमते, दुसऱ्याचा मात्र संकोच वाटतो.

मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट यांचे उदाहरण घ्या. १८४९ साली मुलींच्या शिक्षणाचे नाव काढताच लोक नाक मुरडीत होते. अशा वेळी नानांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली. धनिकास चार खोल्यांचे मोल ते किती? परंतु एवढ्या मान्यवर गृहस्थाच्या घरात शाळा भरते, हे पाहून किती भित्र्या पालकांना धीर आला असेल! नानांनी जागेबरोबर आपली पतही शाळेस दिली.

ज्यास अशी प्रतिष्ठा नाही, त्याने काय करावे? त्याचे उत्तर महर्षि अण्णासाहेब कर्वे यांच्या चरित्रात आहे. १८९३ साली विधवेशी विवाह केला म्हणून त्यांच्याच मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. स्वभाव संकोची, वाणी साधी. तरीही १८९६ साली त्यांनी विधवांच्या आश्रमाचे कार्य आरंभिले आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. त्याचे पहिले कुलपति होते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. जगन्मान्य पंडिताचे नाव अग्रभागी असता कार्यास केवढे बळ येते! पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठास १५ लक्ष रुपयांची देणगी दिली. प्रतिष्ठा उसनी घेता येते. मात्र ती निष्ठेने फेडावी लागते. अण्णासाहेबांनी ती जन्मभर फेडली. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, खेड्यांतील शाळांसाठी मंडळ काढून ते पुण्यात दारोदार वर्गणी मागत हिंडले.

आता मागण्याच्या रीतीविषयी. हल्ली भ्रमणध्वनीवरून एका क्षणात शंभर घरी निरोप जातो. परंतु शंभरांना धाडलेला निरोप कोणासच आपला वाटत नाही. यास्तव घरी जावे, वडिलांची विचारपूस करावी, मग कार्य सांगावे. मागण्यापूर्वी आपला आकडा वहीत मांडलेला असावा. चारचौघांत कोणास रक्कम विचारून अडचणीत टाकू नये. तेणेकरून पैसा मिळतो, पण माणूस दुरावतो. दोन रुपये देणाऱ्यालाही पावती तितक्याच आदराने द्यावी आणि वर्षअखेर हिशेब न मागता दाखवावा. साहाय्य घेणाऱ्या मुलाचे नाव तर व्यासपीठावरून कधीही पुकारू नये. फी भरली गेली, पण मुलगा मान खाली घालून घरी गेला, असे घडल्यास आपल्या दानात उणेपण राहिले असे समजावे.

आणखी एक सावधगिरी. आपली प्रतिष्ठा कार्यास वाहणारा निराळा आणि कार्यातून प्रतिष्ठा मिळवू पाहणारा निराळा. दुसऱ्याचे लक्ष फलकावरील नावाकडे असते, आणि ही गोष्ट देणाऱ्यांच्या ध्यानात येण्यास वेळ लागत नाही.

पत केवळ श्रीमंतांनाच असते असे नाही. शिक्षकाचा शब्द विद्यार्थ्यांच्या घरी मानला जातो, वैद्याचा रुग्णांच्या घरी. आणि हळदीकुंकवास जमलेल्या भगिनींत एखाद्या वडील बाईंनी काढलेला शब्द सहसा वाया जात नाही. हे सारे समाजाने आपणांपाशी ठेवलेले धन आहे. ठेव वापरली नाही तर ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

जूनमध्ये शाळा-महाविद्यालये उघडतील. तत्पूर्वी येथे बसलेल्या प्रत्येक कुटुंबाने एक पावतीपुस्तक घ्यावे आणि निदान दहा घरांचे उंबरे स्वतः चढावेत, एवढीच आमची नम्र विनंती आहे. पुस्तके प्रवेशद्वारापाशी ठेविली आहेत. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.