लेकराच्या मानेवरची गाठ : चीर देण्याआधी तपासणी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)

वसुलीचं रजिस्टर दहा मिनिटं बाजूला ठेवूया.

मागच्या पावसाळ्यात आपल्याच एका ताईंनी गटातून दोन हजारांचं कर्ज मागितलं. तीन वर्षांच्या लेकराच्या जबड्याखाली गाठ आली होती. ताप नाही, खोकला नाही, पोरगं अंगणात खेळतंय. आधी लेप लावला. मग एका दवाखान्यात चीर देऊन पू काढला. जखम भरेना, रोज पाझरायची. काढलेला पू तपासायला पाठवलाच नव्हता. खरं सांगते, एवढं शिकून मलाही ते विचारायचं सुचलं नाही.

पुढे मोठ्या सरकारी रुग्णालयात नमुना तपासला. टीबी नव्हता. काही आठवड्यांनी कल्चरचा रिपोर्ट आला, तेव्हा टीबीच्या भावकीतला दुसराच जंतू निघाला. हा माती-पाण्यात राहतो, एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. हा आजार क्वचितच होतो, तोही बहुतेक पाच वर्षांखालच्या लेकरांना. नुसत्या गोळ्यांनी तो बरा होईलच असं नाही. पूर्ण गाठ ऑपरेशनने काढणं हा मुख्य उपाय. नुसती चीर दिली, तर जखम वाहत राहू शकते. त्या लेकराची गाठ काढली, आता ते बालवाडीत जातंय.

आपल्याकडे जास्त आढळते ती गंडमाळ, म्हणजे गाठीचा टीबी. दिसायला दोन्ही सारखेच, उपचार मात्र वेगळे. म्हणून तपासणी आधी.

सर्दी-पडशात बारीक गाठी येतात नि जातात, त्याला घाबरू नका. पण गाठ दोन आठवडे राहिली किंवा वाढत गेली, तर आशाताईंना सांगा, सरकारी दवाखाना गाठा. तिथे बारीक सुईने नमुना घेतात. तेव्हा एकच विचारा, "डॉक्टर, हा नमुना सीबीनॅट आणि कल्चरला पाठवणार ना?"

टीबी निघाला, तर औषध मोफत आहे. साधारण सहा महिने, लेकराच्या वजनाप्रमाणे. पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये बँक खात्यात येतात. औषध चालू असताना गाठ कधी कधी फुगते. घाबरून गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. घरात कुणी मोठं माणूस खोकत असेल, तर त्याचीही तपासणी करून घ्या.

आणि लेकराला जोराचा ताप आहे, मान वळवत नाही, लाळ गळतेय, गिळता येत नाही किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर दोन आठवडे सोडा, दोन तासही थांबू नका. 108 ला फोन करा.

उद्या वेणी घालताना, आंघोळ घालताना लेकरांच्या मानेवरून हात फिरवा. गाठ लागली तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका, मला त्याच दिवशी फोन करा. दवाखान्यात मी सोबत येईन.