साखळी-करवत : पट्टी केवढी, जोर किती?

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें आणि श्रीवर्धन-मुरूड भागांतील माडा-पोफळींच्या अनेक वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षीं, मे महिन्यांत, ‘तौक्ते’ वादळाची झळ रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील बागांना लागली. अशा वाड्यांचीं घराणीं पुष्कळदां नोकरीधंद्यानिमित्त मुंबईला किंवा पुण्याला स्थायिक झालेलीं असतात. गांवाकडून निरोप येतो : वाट बंद आहे, अंगणांत माड पडले आहेत, माणसें मिळत नाहींत. कुऱ्हाडीला ज्या ओंडक्यापायीं अर्धा दिवस लागावा, तो साखळी-करवत कांहीं मिनिटांत कापते, हें एकदां पाहिल्यावर आपल्या घरीं असें एखादें यंत्र असावें, ही इच्छा साहजिकच उत्पन्न होते. मग गृहस्थ दुकानांत जातात. दुकानदार विचारतो, “केवढी देऊं?” आणि बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें : “मोठींत मोठी द्या.”

हें उत्तर खर्चाच्या दृष्टीनें चुकीचें आहेच. परंतु जिवाच्या दृष्टीनें तें त्याहूनहि अधिक चुकीचें आहे. तें कसें, हें समजण्यासाठीं यंत्राची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे.

साखळी-करवतीचीं मुख्य अंगें तीन : जोर पुरविणारें इंजिन किंवा विजेची मोटर, पुढें आलेली पोलादी पट्टी आणि त्या पट्टीच्या कडेनें फिरणारी दांतेरी साखळी. पट्टीला बाजारांत ‘बार’ म्हणतात. जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी अशी करवत तयार केली, तेव्हां ती उचलण्यास दोन माणसें लागत. आजची घरगुती करवत एकटा मनुष्य पेलतो. ही सोय मोठी आहे. पण पूर्वीं जो भार आणि जो धोका दोघांत वांटला जाई, तो आतां एकाच्याच हातीं आला आहे, ही गोष्ट विसरून चालत नाहीं.

निवडीचा प्रारंभ इंजिनापासून करूं नये. तो झाडापासून करावा. कोंकणांत काय किंवा देशावर काय, झाडाची जाडी घेरावरून सांगण्याची रीत आहे. करवतीला मात्र घेर नको, व्यास हवा. यासाठीं बुंध्याभोंवतीं दोरी गुंडाळून ती मोजावी आणि येणाऱ्या आंकड्यास ३.१४ नें भागावें. ढोबळ मानानें घेराचा तिसरा हिस्सा धरला तरी काम भागतें. छत्तीस इंच घेराच्या माडाचा व्यास साडेअकरा इंचांच्या आंतबाहेर येतो. या व्यासांत दोन इंच मिळवावे. तेवढी पट्टी असली म्हणजे खोड एका दमांत आरपार कापलें जाऊन टोंक पलीकडे मोकळें राहतें. येथें एक बारकावा आहे. पट्टीवर छापलेली लांबी आणि प्रत्यक्ष कापण्यास उपयोगी पडणारी लांबी या तंतोतंत एक नसतात. इंजिनाच्या बाजूला इंच-दीड इंच कमी भरण्याचा संभव असतो. म्हणून साडेअकरा इंच व्यासाच्या माडासाठीं सोळा इंची पट्टी योग्य ठरते. पोफळ, शेवगा, कुंपणाच्या फांद्या यांना बारा किंवा चौदा इंच पुरे होतात.

पट्टी ठरली कीं जोर तिच्यामागून येतो. लांकडांत बुडालेल्या पट्टीवर एकाच वेळीं जितके दांत चावत असतील, तितका भार इंजिनावर पडतो. सोळा इंच लांकडाऐवजीं चोवीस इंच लांकूड कापावयाचें म्हटलें, तर दीडपट दांत एकदम चावूं लागतात. इंजिन दुबळें असेल तर साखळी मंदावते, क्लच घसरून तापतो आणि चालविणारा अधीर होऊन यंत्रावर अंग टाकूं लागतो. शिवाय पट्टीला वंगण पुरविणारा पंपहि इंजिनाच्या मानानेंच बसविलेला असतो. लांब पट्टीच्या टोंकापर्यंत पुरेसें तेल पोंचलें नाहीं तर पट्टी व साखळी दोन्ही लवकर झिजतात.

पेट्रोलच्या यंत्रांत सामान्य प्रमाण असें सांगतां येईल : बारा ते चौदा इंच पट्टीला तीस ते चाळीस घनसेंटीमीटरचें इंजिन, सोळा ते अठरा इंचांना चाळीस ते पन्नास, वीस इंचांना पन्नास ते साठ, आणि चोवीस इंचांना साठाच्या वर. परंतु घनसेंटीमीटर, म्हणजे बाजारांतील ‘सीसी’, हें इंजिनाच्या नळकांड्याचें माप झालें; तें जोराचें माप नव्हे. दोन यंत्रांचे सीसी सारखे असूनहि त्यांच्या जोरांत अंतर असूं शकतें. म्हणून माहितीपत्रकांत किलोवॅटचा आंकडा पाहावा. सोळा इंची पट्टीच्या घरगुती यंत्राला दोन किलोवॅटच्या आसपास, म्हणजे पावणेतीन अश्वशक्तीच्या जवळपास, जोर असला तर तो भरपूर समजावा. कोणत्या यंत्राला किती लांबीच्या पट्ट्या चालतात, हें त्याच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. दुकानदाराच्या शब्दापेक्षां त्या पुस्तिकेचा शब्द प्रमाण मानावा.

आतां ‘मोठींत मोठी’ या उत्तराकडे वळूं. बाजारांत अठ्ठावन सीसी इंजिन आणि बावीस इंच पट्टी असा संच पुष्कळ आढळतो आणि त्याची किंमतहि कित्येकदां मोहक असते. परंतु लांब पट्टीचें टोंक चालविणाऱ्याच्या नजरेपासून दूर जातें, आणि साखळी-करवतीचा खरा धोका त्या टोंकांतच असतो. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास, म्हणजे ताशीं सुमारें बहात्तर किलोमीटर वेगानें, धांवत असते. टोंकाचा वरचा चतुर्थांश भाग चुकून एखाद्या फांदीला किंवा शेजारच्या ओंडक्याला टेकला कीं दांत तेथें अडकतात आणि सगळी पट्टी उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे व मानेकडे येते. ही उलट उसळी इतकी तात्काळ असते कीं हात आवरण्यास अवसर मिळत नाहीं. पुढील मुठीसमोरचा साखळी-रोधक याचसाठीं असतो. तो नसलेलें किंवा नीट न चालणारें यंत्र कितीहि स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. पडझडीच्या ढिगाऱ्यांत, जेथें फांद्यांत फांद्या गुंतलेल्या असतात, तेथें गरजेपेक्षां सहा इंच अधिक असलेली पट्टी म्हणजे न दिसणारें सहा इंच संकट होय.

भाराचाहि विचार केला पाहिजे. चाळीस-पंचेचाळीस सीसीचें यंत्र पट्टी, साखळी व तेल-पेट्रोलसह पांच-सहा किलोपर्यंत जातें. मोठीं यंत्रें त्याहून जड. पहिल्या दहा मिनिटांत हा भार जाणवत नाहीं, तासाभरानें जाणवतो. आणि थकलेला हात पट्टीचें टोंक खालीं सोडूं लागतो. दुकानांत यंत्र बंद असतांना दोन्ही हातांनीं धरून, कंबरेच्या उंचीवर पांच मिनिटें स्थिर ठेवून पाहावें. तें ज्याला जड वाटेल त्यानें लहान यंत्र घ्यावें. यांत कमीपणा कांहीं नाहीं.

पुष्कळांना जोर अपुरा वाटतो, तो वस्तुतः धारेचा अभाव असतो. अमेरिकेंत ऑरेगॉन येथील जोसेफ कॉक्स या लांकूडतोड्यानें १९४६ सालीं एका बुंध्यांत किड्याची अळी पाहिली. लांकडाच्या रेषेच्या उभ्या व आडव्या, दोन्ही दिशांनीं ती आपल्या वांकड्या जबड्यांनीं सहज कोरीत जात होती. त्या जबड्यांच्या घडणीवरून त्यानें साखळीचे दांत तयार केले आणि १९४७ पासून ते विक्रीस आले. आजच्या साखळीचे दांत त्याच वंशाचे आहेत. दांत तीक्ष्ण असले तर करवतीखालून जाड ढलप्या पडतात. पिठासारखा बारीक भुसा पडूं लागला कीं साखळी बोथट झाली असें समजावें. माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण असल्यानें तो धार लवकर खातो. अशा वेळीं मोठें यंत्र शोधण्यापेक्षां योग्य जाडीची गोल कानस घेऊन दांत घासणें शहाणपणाचें. नवी साखळी घेतांना लांबीबरोबरच तिच्या कड्यांमधील अंतर, खांचेंतील जाडी आणि कड्यांची संख्या हीं तिन्ही मापें जुळावीं लागतात. तीं सहसा पट्टीवर कोरलेलीं असतात.

विजेचें कीं पेट्रोलचें, हा प्रश्नहि झाडाइतकाच जागेवर अवलंबून आहे. शहरांतील बंगल्याच्या आवारांत विजेचें यंत्र हलकें, कमी आवाजाचें आणि देखभालीला सोपें. परंतु ‘निसर्ग’ वादळानंतर कित्येक गांवांत अनेक दिवस वीज नव्हती; ज्या दिवशीं करवत हवी, नेमकी त्याच दिवशीं तारेची करवत निरुपयोगी ठरते. वाडीसाठीं म्हणून पेट्रोलचें यंत्र बरें. मात्र त्यांत तेल किती मिसळावयाचें तें पुस्तिकेंत पाहून तसेंच मिसळावें, आणि यंत्र बंद खोलींत कधीं चालवूं नये. त्याचा धूर विषारी असतो.

सोळा इंची करवत घेतल्यावरहि एखादा चार फूट व्यासाचा आंबा कोसळेलच, मग काय करावें, अशी शंका येईल. तें काम घरच्यांचें नव्हे. पडलेलें मोठें झाड ताणलेल्या धनुष्यासारखें असतें. ताणलेल्या बाजूनें काप दिला तर खोड उसळून माणूस चिरडूं शकतो. विजेच्या तारांत गुंतलेल्या झाडाविषयीं तर बोलावयासच नको. तेथें शिकलेला, साधनसामग्री असलेला तोडणारा बोलवावा. आयुष्यांत एकदां येणाऱ्या झाडासाठीं रोजच्या कामाचें यंत्र बेताबाहेर मोठें घेणें हा सौदा खोटा आहे. उभें झाड तोडावयाचें असेल तर यंत्राआधीं परवानगीचा विचार करावा. महाराष्ट्रांतील नागरी भागांसाठीं १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं कागदाच्या चिठोऱ्यावर तीन आंकडे लिहून न्यावे : नेहमीं कापाव्या लागणाऱ्या खोडाचा व्यास, त्यावरून ठरलेली पट्टी, आणि त्या पट्टीला लागणारा किलोवॅटचा जोर. त्याखालीं चवथी ओळ म्हणून डोळ्यांचा चष्मा, कानांचें आच्छादन, जाड बूट व पायांचें संरक्षक वस्त्र यांची नोंद करावी, आणि त्यांचे पैसे यंत्राच्या किमतींतच धरावे. एवढी तयारी असली म्हणजे “केवढी देऊं?” या प्रश्नाला उत्तर देणें अवघड जात नाहीं.