शेण उकिरड्यावर, की गोबरगॅसमध्ये?



खड्ड्यात साठलेले ओले शेण हवेविना कुजते, त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट जोरकस. जनावराच्या रवंथातला मिथेन अडवणे अवघड. शेणातला मात्र आपल्या हातात आहे. तो चुलीत जाळा, सरपण वाचेल.

ही विद्या जुनीच. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढला होता. पुढे, विलेपार्ल्यात कचेरी असलेल्या खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या टाकीचे संयंत्र गावोगाव नेले.

दोन घनमीटर संयंत्राला चार म्हशींचे रोजचे सुमारे ५० किलो शेण पुरते. तितकेच पाणी घालून काला करा. माती, काडीकचरा आत जाऊ देऊ नका.

नळीच्या सांध्यांना अधूनमधून साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले की गळती समजा. काडी ओढून मुळीच पाहू नका! संयंत्र गळते राहिले, तर इंधनही गेले आणि मिथेनही हवेत सुटला.

बाहेर पडणारी मळी नाल्यात सोडू नका. शेताला उत्तम खत आहे.

बांधकामाआधी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांना भेटा, अनुदानाचीही चौकशी करा.