अकरा उडाले, दहांचा निरोप
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणातून)



कामशेतला आम्ही मित्रांनी पॅराग्लायडिंगची मैत्रीपूर्ण क्रॉस-कंट्री स्पर्धा भरवली होती, तिच्याबद्दल बोला असं सेक्रेटरीसाहेब म्हणाले. बक्षीस काय, तर श्रीखंडाचा डबा!

इंजिन नसतंच. तापलेल्या जमिनीवरून वर जाणाऱ्या गरम हवेत गिरक्या घेत उंची मिळवायची आणि पुढचा झोत गाठायचा. जीपीएसवर सरळ अंतर मोजायचं. नवशिक्यांची पॅराग्लायडर संथ, म्हणून त्यांना दीडपट गुण. यावरून वाद झालाच, आपल्या पार्किंगच्या मीटिंगसारखा.

खरं काम मात्र जमिनीवर. कोण कुठल्या शेतात उतरेल सांगता येत नाही. उभ्या पिकाचं नुकसान नको म्हणून भातकापणीनंतरचे दिवस धरले. उतरल्याबरोबर प्रत्येकाने ‘ठीक आहे’ असा निरोप द्यायचा, मग जीप आणायला जाणार.

पाच वाजता वही पाहिली. अकरा उडाले, दहांचे निरोप. अकराव्याचा फोन लागेना. त्याच्या बायकोचा फोन आला, तो मी दोनदा उचललाच नाही. काय सांगणार? सूर्य मावळला. सव्वासातला अनोळखी नंबर: “अहो, तुमचा माणूस आमच्या ओट्यावर चहा पितोय.” बॅटरी संपली होती. दुसरा फोन बरोबर ठेवा, हे सांगायचं मीच विसरलो होतो.

पुढच्या वेळी नियम केला: सूर्यास्ताआधी निरोप नाही, तर गुण शून्य.

त्या दिवशी सगळ्यांत लांब तोच गेला होता. डबा त्याने त्या ओट्यावरच्या काकांना नेऊन दिला.