चोरविद्या आणि विद्यापीठ

(सायबर सुरक्षेच्या पदव्युत्तर शिक्षणासंबंधी पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की संगणकाच्या सुरक्षेचा आणि समाजवादी चळवळीचा संबंध काय? तो प्रश्न बँकांनी आणि पोलीस खात्याने सोडवावा. आपण बेकारी, महागाई आणि पिळवणूक यांच्याशी झगडावे. शंका स्वाभाविक आहे, पण ती टिकणारी नाही.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्यावर दरोडा पडला, तेव्हा कोणी भिंत फोडली नाही की तिजोरीला हात लावला नाही. एटीएम यंत्रातून आलेली पैशाची मागणी एका मधल्या दुव्यामार्फत बँकेच्या मुख्य खातेवहीकडे जाते आणि तिची संमती आली की पैसे मिळतात. चोरांनी तो दुवाच बनावट केला. खातेवहीला न विचारता तो परस्पर ‘द्या’ म्हणू लागला. बनावट कार्डे घेतलेल्या हस्तकांनी २८ देशांतून काही तासांत पैसे काढले. दोन दिवसांनी हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी रक्कम वळविण्यात आली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. सहकाराची उभारणी सामान्य माणसांच्या ठेवींवर होते. त्या ठेवींचे रक्षण हा जर आपला विषय नसेल, तर मग कोणता विषय आपला?

हे रक्षण उद्या ज्यांच्यावर सोपवायचे, ते आज पदव्युत्तर वर्गांत बसले आहेत. त्यांना आपण काय शिकवितो? पुष्कळ ठिकाणी व्याख्या, मानके आणि गुप्तलेखनाची सूत्रे शिकवितो, आणि परीक्षेत तीच उतरवून घेतो. प्रत्यक्ष हल्ला कसा होतो, हे मात्र दाखवीत नाही. विद्यापीठात चोरविद्या शिकवायची काय, असा सात्त्विक संताप त्यामागे असतो. ‘मृच्छकटिका’तला शर्विलक आपणा सर्वांना ठाऊक आहे. चारुदत्ताच्या घराला भोक कोठे पाडावे, याचा त्याने शास्त्रशुद्ध विचार केला आणि तेथे विश्वासाने ठेवलेले वसंतसेनेचे दागिने नेले. चारुदत्ताची सचोटी त्या ठेवीला वाचवू शकली नाही. भिंत कोठे कच्ची आहे हे चोराला कळावे आणि राखणदाराला कळू नये, याला सोज्ज्वळपणा म्हणत नाहीत. याला गाफीलपणा म्हणतात.

या शास्त्राचा एक मूळ सिद्धांत ऑग्युस्त केरखॉफ्स या भाषाशास्त्रज्ञाने १८८३ साली मांडला. यंत्रणेची सारी रचना शत्रूच्या हाती पडली तरी केवळ किल्ली गुप्त राहिल्याने ती सुरक्षित राहिली पाहिजे, असा त्याचा आशय. म्हणजे झाकून ठेवण्यात सुरक्षितता नाही. ती उघड तपासणीत टिकण्यात आहे. मला हा सिद्धांत लोकशाहीच्या फार जवळचा वाटतो.

परंतु ज्ञान दिले म्हणजे कर्तव्य संपले, असे नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढीत एका संगणकातून दुसऱ्यात शिरणारी आज्ञावली सोडली. तिची वाढ त्याच्या आटोक्याबाहेर गेली आणि हजारो संगणक ठप्प झाले. न्यायालयाने त्याला तुरुंगात धाडले नाही. तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा दिली. पुढे तो मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रशास्त्र संस्थेत प्राध्यापक झाला.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. लिनक्स ही जगभरच्या असंख्य हातांनी जोपासलेली, कोणा एकाच्या मालकीची नसलेली संगणकप्रणाली. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी तिच्या देखभाल करणाऱ्यांची परीक्षा पाहण्यासाठी, त्यांना पूर्वकल्पना न देता, मुद्दाम सदोष दुरुस्त्या पाठविल्या. यावरून वाद पेटला, एप्रिल २०२१ मध्ये त्या विद्यापीठावर बहिष्कार घातला गेला आणि संशोधकांना जाहीर माफी मागावी लागली. इतरांच्या श्रमावर त्यांच्या संमतीवाचून प्रयोग करणे ही पिळवणूकच आहे, मग ती शास्त्राच्या नावाने का होईना.

तेव्हा शिकवावे कसे? बाहेरच्या जाळ्यापासून पूर्णपणे तोडलेल्या प्रयोगशाळेत, स्वतःच्याच यंत्रांवर हल्ला करावयास शिकवावे. बाहेरच्या यंत्रणेला लेखी परवानगीशिवाय स्पर्श करू नये. सापडलेला दोष प्रथम मालकाला कळवावा, दुरुस्तीस वाजवी मुदत द्यावी आणि नंतर तो जनतेपुढे मांडावा. मी गुण देताना विद्यार्थी आत शिरला की नाही, यापेक्षा त्याने दुरुस्तीचा अहवाल किती स्पष्ट लिहिला, हे पाहतो.

मात्र विद्यार्थ्याने सारी पथ्ये पाळली, तरी कायदा त्याच्या पाठीशी आहे काय? २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ विनापरवाना प्रवेशाबद्दल भरपाईची जबाबदारी टाकते. हेतू अप्रामाणिक वा कपटी असल्यास कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सद्हेतूने दोष शोधून कळविणाऱ्याला स्पष्ट अभय देणारे कलम त्यात नाही. २०१० साली हरी प्रसाद यांनी दोन परदेशी तज्ज्ञांसह मतदान यंत्रातील दोष दाखविणारा अभ्यास प्रसिद्ध केला. ते यंत्र मुंबईतून चोरल्याच्या आरोपावरून ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. पुढे जामीन मिळाला. त्यांचे निष्कर्ष निवडणूक आयोगाला मान्य नव्हते, आणि ते आपणही मान्य केलेच पाहिजेत असे नाही. पण ज्या यंत्रावर मतदाराने विश्वास ठेवायचा, ते स्वतंत्र अभ्यासकाला तपासण्याचा राजमार्गच नसावा, हे लोकशाहीला शोभणारे नाही.

आणि राजमार्ग बंद असला, की ही विद्या आडमार्गाने विकली जाते. पेगॅसस ही इस्रायली कंपनीची हेरगिरीची आज्ञावली आपण केवळ सरकारांनाच विकतो, असे ती कंपनी स्वतःच सांगते. २०२१ साली भारतातील पत्रकार व कार्यकर्त्यांचे दूरध्वनी तिचे लक्ष्य झाल्याचे आरोप झाले आणि सर्वोच्च न्यायालयाला चौकशी समिती नेमावी लागली. दोष शोधणारे हात तेच असतात. ते ठेवीदारासाठी राबतात की सत्तेसाठी, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा मानला गेला आहे. तो अभ्यासक्रमात आणणे हे आपले काम आहे.

म्हणून तीन मागण्या आपण लावून धराव्यात. सद्हेतूने दोष शोधणाऱ्यास कायद्यात स्पष्ट संरक्षण असावे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयांतही अशा प्रयोगशाळा निघाव्यात. ही विद्या महागड्या खाजगी वर्गांची मिरासदारी होऊ नये. आणि विद्यापीठांच्या विभागांनी सहकारी बँका व पतपेढ्यांच्या यंत्रणा, लेखी संमतीने आणि विनामूल्य, तपासून द्याव्यात.

यातील तिसऱ्या कामासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. आपले अनेक कार्यकर्ते पतपेढ्यांच्या संचालक मंडळांवर आहेत. पुढल्या सभेत त्यांनी एवढेच विचारावे: आपली यंत्रणा शेवटची कोणी आणि केव्हा तपासली? उत्तर मिळाले नाही, तर जवळच्या महाविद्यालयाचे दार ठोठवावे. आमचे विद्यार्थी त्यासाठी तयार आहेत.