ओरडायचं ते कधी?



30 ऑक्टोबर 2025 ची रात्र. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना चाललेला. समोर ऑस्ट्रेलिया, आणि भारतापुढे लक्ष्य 339 धावांचं. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढा मोठा पाठलाग तोवर कुणालाच जमलेला नव्हता. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज 82 वर खेळत असताना तिचा झेल उडाला. ऑस्ट्रेलियाची कर्णधार आणि यष्टिरक्षक अलिसा हीली चेंडूखाली आली आणि झेल हातातून निसटला. तो प्रेक्षकांच्या आवाजामुळे सुटला, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण सुटल्यावर जो आरडाओरडा झाला, त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या मुलींना एकमेकींशी बोलायलाही जवळ यावं लागलं असणार. जेमिमा 127 वर नाबाद राहिली, भारत नऊ चेंडू राखून जिंकला, आणि सामन्यानंतर तिनं ज्यांचे आभार मानले त्यांत त्या रात्रीच्या प्रेक्षकांचाही समावेश होता.

आपटा, रसायनी, पनवेल या पट्ट्यातल्या माणसाला हे मैदान तसं घरचंच. आपट्याहून रोह्याची गाडी धरून पनवेल, तिथून हार्बरची लोकल, खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स करत नेरूळ. बाहेरच्या लोकांना आपटा माहीत असतं ते स्टेशनामुळे. 1995 च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट, सुटत्या गाडीचा तो प्रसंग, इथल्याच फलाटावर चित्रित झाला. पण आजचा विषय गाडीचा नाही, गर्दीचा आहे.

डी. वाय. पाटील स्टेडियमबद्दल एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हे मैदान ना क्रिकेट मंडळाचं, ना महापालिकेचं. ते एका शिक्षणसंस्थेच्या आवारात उभं आहे. आजूबाजूला वैद्यकीय महाविद्यालय, रुग्णालय, वसतिगृहं, आणि मध्ये सुमारे 55 हजार माणसं बसतील असं मैदान. 2008 मध्ये ते सुरू झालं आणि त्याच वर्षी 1 जूनला पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना तिथं शेवटच्या चेंडूवर निकाली निघाला. फुटबॉलही तिथं भरपूर झाला. 2014 मध्ये इंडियन सुपर लीगचा पहिला अंतिम सामना, 2017 मध्ये 17 वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने, 2022 मध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. प्रेक्षकांच्या डोक्यावरचं छप्पर पुढे झुकलेलं आहे आणि मध्ये खांब नाहीत. त्यामुळे नजरेला अडथळा नाही, आणि आवाज वर निघून न जाता छपरावर आपटून पुन्हा मैदानाकडे वळतो. बांधणाऱ्यांनी विचार उन्हापावसाचा केला असेल. फायदा ओरडणाऱ्यांना झाला.

कॉलेजच्या आवारात एवढं मोठं मैदान, ही आपल्याकडे नवलाई. अमेरिकेत ती रीतच आहे. तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर 1 लाख 7 हजारांहून अधिक माणसं बसतात, आणि खेळणारे असतात शिकणारी पोरं. हा फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला पायाचा खेळ नव्हे. शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू हातात घेऊन धडका देण्याचा तो अमेरिकी प्रकार. त्यात चेंडू खेळात येण्याआधी क्वार्टरबॅक नावाचा म्होरक्या आपल्या माणसांना ओरडून इशारा देतो. त्या इशाऱ्याच्या ठरलेल्या शब्दाला सगळ्यांनी एकदम सुटायचं. कुणी आधी हललं की पाच यार्ड मागे.

आता यात प्रेक्षकांची मेख कळते. पाहुण्या संघाचा म्होरक्या इशारा द्यायला लागला की लाखभर माणसं बेंबीच्या देठापासून ओरडतात. इशारा ऐकू जात नाही, एखादा पोरगा चुकून आधी सुटतो, दंड बसतो. आणि स्वतःच्या संघाकडे चेंडू आला की तेच लोक चिडीचूप बसतात. आपल्या पोरांना ऐकू यायला हवं ना! म्हणजे हा गोंगाट उत्स्फूर्त वाटला तरी तो घड्याळ लावून केलेला असतो. आपल्याकडे षटकार गेल्यावर ओरडतात. तिथं चेंडू हलण्याआधी.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठात तर या ओरडण्याची तालीम होते. घरच्या मैदानावर सामना असला की आदल्या मध्यरात्री हजारो विद्यार्थी स्टेडियमवर जमतात आणि उद्या कसं ओरडायचं याचा सराव करतात. त्यांना ओरडवणारे पाच विद्यार्थी असतात, त्यांची रीतसर निवडणूक होते, अंगात पांढरे कपडे. ते हातांनी खूण करतात, ती खूण मागच्या रांगांत पोचवली जाते, आणि मग सगळे एका सुरात. सामनाभर विद्यार्थी बसत नाहीत, उभेच राहतात. त्यामागे 1922 च्या जानेवारीतली एक गोष्ट आहे. एका सामन्यात त्यांचे खेळाडू जायबंदी होत चालले, तेव्हा किंग गिल नावाच्या विद्यार्थ्याला प्रेक्षकांतून खाली बोलावून खेळाचे कपडे चढवायला लावले. त्याच्यावर मैदानात उतरायची वेळ आली नाही. पण ‘बारावा खेळाडू’ म्हणून तो आजही तिथं पूजला जातो. आपल्याकडची बरीच मुलं शिकायला टेक्सासला जातात. पहिल्या वर्षी त्यांना या मध्यरात्रीच्या आरडाओरड्याचं हसू येतं म्हणे, दुसऱ्या वर्षी तीच सगळ्यांत पुढे असतात.

या गोंगाटाची मापंही निघाली आहेत. 8 ऑक्टोबर 1988 ला लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर ऑबर्नचा संघ सहा-शून्यनं पुढे होता. सामना संपायला दोन मिनिटांहून कमी वेळ असताना यजमानांनी चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केला, आणि प्रेक्षकांनी अशी उसळी घेतली की विद्यापीठातल्याच भूकंपमापकावर तिची नोंद उमटली. भूगर्भशास्त्राच्या लोकांना बसल्या जागी धडा मिळाला. व्यावसायिक संघांकडे पाहिलं तर कॅन्सस सिटीच्या प्रेक्षकांनी 2014 मध्ये 142.2 डेसिबल नोंदवले. डेसिबल हे फसवं माप आहे. दहानं आकडा वाढला की आवाजाची ताकद दसपट होते. आपल्या कायद्यानं निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. ती आणि 142 यांच्यातलं अंतर कानानंच समजून घ्यावं. खरं तर न घेतलेलंच बरं.

धाक नुसत्या आवाजानंच घालतात असंही नाही. आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी मानसशास्त्राचा अभ्यास केलेला होता. त्यांनी पाहुण्या संघाची कपडे बदलायची खोली चक्क गुलाबी रंगवून घेतली. पुढे नूतनीकरणात तिथली मुताऱ्यांची भांडीसुद्धा गुलाबी बसवली. आपल्या मांडवाला गुलाबी झालर आवडणाऱ्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय ते कळणार नाही. पण पाहुण्या प्रशिक्षकांच्या डोक्यात त्या भिंती शिरल्या, आणि शिरल्या म्हणजे काम झालं.

महाराष्ट्रात फुटबॉलच्या गर्दीचा असा धाक पाहायचा तर कोल्हापूर गाठावं लागतं. तिथं संघांची नावंच तालमींची आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. खेळाडू त्याच पेठेतला, प्रेक्षक त्याच पेठेतले, आणि हरल्यावर तोंड दाखवायचं तेही त्याच पेठेत. 2017 च्या त्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. पाटाकडील आणि शिवाजी यांची गाठ असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. झेंडे, शिट्ट्या, प्रतिस्पर्ध्याच्या पेठेवर खास तयार केलेल्या घोषणा, आणि कॉर्नर घ्यायला आलेल्या पोराच्या कानाशी त्याच्या घरादाराचा उद्धार. याच्या पुढची पायरीही कोल्हापूरनं पाहिली आहे. हुल्लडबाजी, दगडफेक, पोलिसांच्या काठ्या, संघांवर आणि खेळाडूंवर कारवाया. फुटबॉलच्या प्रेमात हे चालायचंच, असं म्हणणारे तिथं भेटतात. त्यांचं म्हणणं पटत नाही. ज्या आईनं पोराला खेळायला पाठवलं तिला दगड हा खेळाचा भाग वाटत नाही.

शाहू स्टेडियमजवळच खासबाग मैदान आहे. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपात गेले, रोमचं कलोसियम पाहिलं, आणि कुस्तीसाठी तसंच काही आपल्याकडे हवं या ध्यासातून 1912 मध्ये हा आखाडा उभा राहिला. मध्ये हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. तिथं कुस्ती लागली की हलगीचा ठेका वाढत जातो आणि सगळी गर्दी त्याच ठेक्यावर येते. गर्दीला लय देणं ही कला कोल्हापूरला पहिल्यापासून अवगत आहे.

गर्दी पंचांनाही वाकवते का? याचा एक नेटका प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फुटबॉलच्या 40 पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातल्या झटापटी पडद्यावर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाऊल दिले. गंमत अशी की पाहुण्यांना त्यांनी फारसं जास्त धरलं नाही. फक्त यजमानांविरुद्ध शिट्टी तोंडाशी नेताना हात अडखळला. पुढे 2020 मध्ये कोरोनामुळे जर्मनीत रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हा घरच्या संघाचं पारडं हलकं झालेलं दिसलं.

मात्र गर्दी हे दुधारी हत्यार आहे, आणि मुंबईकरांनी ते स्वतःच्याच माणसांवर चालवलेलं आहे. 2006 मध्ये वानखेडेवर खुद्द सचिनची हुर्यो उडवली गेली. 1 एप्रिल 2024 ला मुंबई इंडियन्सचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीला आला तर घरच्याच मैदानावर त्याच्या नावानं ओरडा सुरू झाला. रोहित शर्माला कर्णधारपदावरून बाजूला सारल्याचा तो राग होता. माइक हातात असलेल्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. तीन महिन्यांनी भारत विश्वचषक जिंकून आला, 4 जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. टेक्सासच्या पोरांना हे समजावून सांगायला गेलं तर त्यांच्या डोक्यावरून जाईल. ते पाहुण्याला गोंधळवतात. आपण आधी आपल्याच कर्णधाराचा हिशेब चुकता करतो.

विकत घेतलेला गोंगाटही असतो. अमेरिकेतल्या अटलांटाच्या व्यावसायिक संघानं लाऊडस्पीकरमधून गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज सोडला, तो पकडला गेला, आणि 2015 मध्ये त्यांना साडेतीन लाख डॉलरचा दंड झाला. आयपीएलमध्ये तुतारी वाजवून प्रेक्षकांना ओरडायला लावणारा डीजे पगारी असतो, त्याला मात्र कुणी दंड करत नाही.

आणि आता आपल्या रायगड जिल्ह्याकडे. इथं ज्या खेळावर गावं जीव टाकतात त्या कबड्डीचं सगळं गणितच कानावर आहे. चढाई करणाऱ्यानं एका दमात, स्पष्ट ऐकू येईल असं ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं. दम तुटला की तो बाद. तो तुटला की नाही हे ठरवायचं पंचानं, कानानं. गावातल्या रात्रीच्या सामन्यांत हे पाहण्यासारखं असतं. पाणी मारून, रोलर फिरवून बसवलेली लाल माती, फक्कीच्या रेघा, बांबूवर हॅलोजन, पोरं रेघेला चिकटून बसलेली, बायका शेजारच्या गच्चीवर. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो आणि पंच त्याच्या बरोबरीनं कडेकडेनं, कंबरेत वाकून, कान त्याच्या तोंडाकडे लावून पळत असतो. गर्दी पेटली की पंचाला ‘कबड्डी’ ऐकू येत नाही, फक्त ओठ हलताना दिसतात. यजमान गावाचा भिडू पकडीत सापडला, पुटपुटत रेघेला हात लावला, की दम होता की नव्हता यावर पुढची दहा मिनिटं जातात. आयोवाच्या गुलाबी खोलीची इथं गरज नाही. पाहुण्या संघाला पाच फुटांवर बसलेले गावकरी पुरेसे आहेत.

यावर आयोजकांचा उपाय ठरलेला. समालोचक माइक उचलतो आणि चढाई चालू असतानाच, भोंग्यांमधून, पंचक्रोशीला ऐकू जाईल अशा आवाजात विनंती करतो, की प्रेक्षकांनी कृपया शांतता राखावी, पंचांना दम ऐकू येत नाही. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा हा नियम सगळ्यांना पाठ असतो. अंतिम सामना बहुधा त्यानंतरच सुरू होतो.