साहित्याचा राष्ट्रीय सन्मान आणि आपले कर्तव्य

(महोत्सवानिमित्त एरंडोल येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी ज्या विषयावर बोलण्याचे आम्ही योजिले आहे, तो प्रथमदर्शनी आपणांस दूरचा वाटेल. दिल्लीस भारतीय भाषांतील ग्रंथकारांचा जो गौरव होतो, त्याच्याशी एरंडोलच्या शेतकऱ्याचा, शिक्षकाचा, मजुराचा संबंध तो काय, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो निकटचा आहे, हेच आज आम्हांस दाखवावयाचे आहे.

स्वातंत्र्यप्राप्तीनंतर १९५४ साली साहित्य अकादमी ही संस्था स्थापन झाली. पंडित जवाहरलाल नेहरू हे तिचे पहिले अध्यक्ष होत. देशातील प्रमुख भाषांतील उत्तम ग्रंथांचा प्रतिवर्षी गौरव करण्याचा परिपाठ तिने १९५५ पासून घातला. आरंभी पुरस्काराची रक्कम पाच हजार रुपये होती, आज ती एक लाख रुपये आहे. आणि सोबत एक ताम्रपट देतात. पहिल्याच वर्षी मराठीचा मान 'वैदिक संस्कृतीचा विकास' ह्या ग्रंथास लाभला. त्याचे कर्ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांची विद्या वाईस फळास आली हे खरे. परंतु त्यांचा जन्म धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचा, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

दुसरा मोठा सन्मान ज्ञानपीठाचा. तो १९६५ साली प्रथम मल्याळम कवी जी. शंकर कुरूप ह्यांस मिळाला. मराठीत वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज व विंदा करंदीकर ह्यांच्यामागून २०१४ सालचा हा सन्मान भालचंद्र नेमाडे ह्यांस प्राप्त झाला. तेही जळगाव जिल्ह्यातील सांगवी गावचे. तेव्हा ज्या भूमीस लोक कापूस आणि केळी ह्यांवरून ओळखतात, तिने देशास ग्रंथकारही दिले आहेत.

परंतु आमच्या मनात आज विशेषेकरून येतात ती दोन माणसे निराळी आहेत. हे पुरस्कार निघण्यापूर्वीच त्या दोघांनी इहलोकीची यात्रा संपविली होती.

पहिले त्र्यंबक बापूजी ठोंबरे. त्यांचा जन्म १८९० साली धरणगावी झाला. हे गाव पूर्वी आपल्याच एरंडोल तालुक्यात मोडत असे. १९०७ साली जळगावी महाराष्ट्रातील कवींचे पहिले संमेलन भरले. तेथे ह्या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटल्या, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर ह्यांनी त्यास 'बालकवी' ही पदवी दिली. तीत द्रव्य नव्हते, ताम्रपट नव्हता. पण महाराष्ट्र आजही त्यांस त्याच नावाने ओळखतो. पुढे अहमदनगरास रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्या ख्रिस्ती दांपत्याने त्यांस आपल्या घरी पुत्रवत वागविले. १९१८ साली, ऐन तारुण्यात, त्यांचा अंत झाला.

दुसऱ्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. त्यांस अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेतात त्या गात. पुत्र सोपानदेव व आप्तांपैकी पितांबर चौधरी ह्यांनी ती गाणी वहीत टिपून ठेविली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. मग ती वही आचार्य अत्रे ह्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली गाणी छापून निघाली. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. परंतु जी गाणी त्या वहीत उतरली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. ती आता कोणता परीक्षक शोधून काढणार?

ह्यावरून काय बोध घ्यावा? राष्ट्र सन्मान करते तो ग्रंथाचा; आणि ग्रंथ होण्यापूर्वी कोणीतरी ऐकून घ्यावे लागते, टिपून ठेवावे लागते, लिहिणाऱ्यास दोन घास घालावे लागतात. ती कामे दिल्लीस होत नाहीत. ती घरी होतात.

आणखी एक गोष्ट. अकादमी चोवीस भाषा मानते. मराठी त्यांत आहे. आपली अहिराणी नाही. अशा भाषांकरिता अकादमीने १९९६ पासून 'भाषा सन्मान' ठेविला आहे, हे योग्यच झाले. परंतु सन्मान करावयास तरी काही लिहिलेले हाती हवे! आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत, जेथे आजी अहिराणीत बोलते, आई मराठीत उत्तर देते, आणि नातू इंग्रजी पुस्तक घडाघडा वाचतो. पण मराठी ओळ पुढे ठेविली की अडखळतो. आजीच्या लग्नगीतांतील निम्मे शब्द त्यास कळत नाहीत. कोणी म्हणेल, पोटाची विद्या इंग्रजीत आहे. असो, ती मुलांनी अवश्य शिकावी. परंतु एक भाषा शिकण्यासाठी दुसरी टाकावी लागते, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

आपल्यातलेच एक धर्मगुरू, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हे गाव आता धाराशिव ह्या नावाने ओळखले जाते. तो मान त्यांस मराठीच्या आजन्म सेवेने लाभला. मराठी ही आपल्या समाजाचीही भाषा आहे, ह्याचे आणखी प्रमाण ते कोणते हवे?

म्हणून आमची विनंती एवढीच. प्रत्येक घराने वर्षास एक तरी मराठी पुस्तक विकत घ्यावे आणि ते मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे. आणि ह्या महोत्सवाचे स्मारक म्हणून प्रत्येक घरी एक कोरी वही ठेवावी. तीत आजी-आजोबांची गाणी, म्हणी, कोडी, सणावारांच्या हकीकती, त्यांच्याच बोलीत, नावगाव व साल घालून, उतरून घ्याव्यात. शाळेतील मुलांनी लेखणी धरावी, वडीलधाऱ्यांनी सांगावे. लाजू नये. पुढील पावसाळ्यापर्यंत ज्या वह्या भरतील, त्या आम्ही स्वतः वाचू आणि त्यांतील उत्तम भाग छापण्याची तजवीज करू. ज्यांच्या घरी वृद्ध मंडळी आजारी आहेत, त्यांनी पावसाळ्याची वाट न पाहता आज रात्रीच आरंभ करावा.